एकदा ‘नको’ म्हटलं की परत कोणी विचारत नाही

नोव्हेंबर महिना होता. आमच्या वस्तीतल्या एका मुलीची आई संध्याकाळी माझ्याकडे आली. मुलगी सोळा वर्षांची. शिष्यवृत्ती मिळवून एका शालेय वर्षासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गेलेली. तिथल्या एका कुटुंबाकडे राहायचं आणि गावच्या हायस्कुलात शिकायचं. पहिल्या यजमानांना गाव सोडावं लागलं म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिला दुसऱ्या घरी हलवलं होतं.

“सिस्टर, पोरगी फोनवर ठीक आहे म्हणते. पण तोंड उतरलंय तिचं. दोन महिने झाले, पाळीही आली नाही.”

आईच्या मनात कसली भीती होती ते मी ओळखलं. म्हटलं, “ताई, आधी हे विचारू, की ती जेवते काय?”

दुसऱ्या दिवशी आपल्या संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तिच्या सकाळी सातला, आम्ही व्हिडिओ कॉल लावला. थोडा वेळ ती इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, “मावशी, इथं कोणी वाढतच नाही.”

पहिल्या रात्री घरच्या बाईंनी विचारलं, आणखी हवं का? ही आपल्या रीतीप्रमाणे ‘नको’ म्हणाली. आपल्याकडे पाहुण्यानं एकदा नको म्हणायचं आणि घरच्यांनी आग्रह करून वाढायचं असतं. तिथं ‘नको’ म्हणजे नको. बाईंनी भांडं उचलून ठेवलं. सकाळी ज्यानं त्यानं फ्रीज उघडून आपापलं घ्यायचं. “आपल्या घरासारखंच समज,” असं त्या सांगत होत्या, पण दुसऱ्याच्या घरातला फ्रीज उघडायला हिचा हात धजत नव्हता. सफरचंद आणि बॅगेतली बिस्किटं यांवर तिनं सहा आठवडे काढले. वजन साडेचार किलो उतरलं होतं. रात्री थंडी वाजायची, तर स्वेटर घालून झोपायची. आणखी एक पांघरूण मागितलं नव्हतं.

वजन झपाट्यानं उतरलं आणि मनावर ताण असला की पाळी लांबते, थांबतेसुद्धा. शरीर आपली ताकद राखून ठेवतं. तरीही तीन महिने पाळी आली नाही, किंवा गर्भाची थोडीही शक्यता असेल, तर वाट न पाहता डॉक्टरला दाखवायचं. हे मी मायलेकी दोघींनाही स्पष्ट सांगितलं.

हे पाहुणेपण नव्हे

मुलांची अशी देवाणघेवाण नवी नाही. एएफएस ही या कामातली जुनी संस्था. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या जखमी सैनिकांना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवक रुग्णवाहिका चालकांपासून तिची सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर याच लोकांनी शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशांत पाठवायला सुरुवात केली. अमेरिकी सरकारची ‘येस’ ही शिष्यवृत्ती २००२ मध्ये सुरू झाली. तिच्यातून भारतातली मुलंही गेली आहेत. रोटरीच्या योजनेत तर मूल वर्षभरात सहसा एकाहून अधिक घरी राहतं.

म्हणजे नव्या घरी रुळणं हा या शिक्षणाचाच भाग आहे. मूल तिथं चार दिवसांच्या पाहुण्यासारखं अवघडून राहिलं, तर त्याची तब्येत बिघडते.

पहिल्या रात्रीचे प्रश्न

देवाणघेवाण करणाऱ्या संस्था मुलांना प्रश्नांची एक यादी देतात. ती पहिल्याच रात्री यजमानांसमोर बसून विचारायची असते. आपली मुलं लाजतात आणि यादी बॅगेतच राहते. त्यातले आरोग्याशी जोडलेले प्रश्न असे:

• तुम्हाला काय म्हणून हाक मारू? (वडीलधाऱ्यांना नावानं हाक मारणं आपल्या मुलांना जड जातं. मग ती हाकच मारत नाहीत.)
• फ्रीजमधलं काय विचारल्याशिवाय घेऊ? शाळेचा डबा कोण भरतं?
• अंघोळ कधी करू, किती वेळ? माझे आतले कपडे कुठे धुवू?
• वापरलेले पॅड कुठे टाकू? (संडासात टाकून पाणी सोडू नये, तुंबतं.)
• थंडी वाजली तर पांघरूण कुठे आहे?
• रात्री बरं वाटलं नाही तर कोणाला उठवू?

घर बदललं की हे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारायचे. एका घरची रीत दुसऱ्या घरी चालेलच असं नाही.

मन कधी खचतं?

पहिले काही आठवडे सगळं नवं असतं, मजेत जातात. पुढे नवलाई ओसरली की भाषेनं डोकं शिणतं, झोप बिघडते, रडू येतं, घरच्या भाजीचा वास आठवतो. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात या अवस्थेला ‘कल्चर शॉक’ म्हटलं आणि परदेशी गेलेल्यांना जडणारा आजार म्हणूनच तिची लक्षणं सांगितली. पाण्याची, अन्नाची, अंथरुणाची नको इतकी काळजी वाटणं, सारखे हात धुणं, हीसुद्धा त्यात आहेत. बहुतेक मुलं यातून सावरतात. पण घर बदललं की हा चढउतार पुन्हा सुरू होऊ शकतो. त्यात उत्तरेकडच्या हिवाळ्यात शाळा सुटते न सुटते तोच अंधार पडतो.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, असं असेल तर शाळेतल्या समुपदेशकाशी बोलायचं. जीव नकोसा वाटला तर अमेरिकेत ९८८ हा क्रमांक रात्री-अपरात्री कधीही लावता येतो. अपघात किंवा तातडीचं दुखणं असेल तर ९११.

लशी, गोळ्या, तपासण्या

जाण्याआधी लसीकरणाचं कार्ड शोधा. आपल्या सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाची लस मिळते. अमेरिकेतल्या शाळा गालगुंडाची आणि बहुतेक ठिकाणी कांजिण्यांचीही लस मागतात. या दोन आपल्या सरकारी लसीकरणात नाहीत, त्यामुळे सरकारी दवाखान्यातच लशी घेतलेल्या मुलांच्या त्या राहिलेल्या असतात. ऐनवेळी धावपळ नको.

तिथं क्षयाची चाचणी सांगितली तर लहानपणी बीसीजी घेतल्याचं आधी सांगायचं. त्या लसीमुळे हातावरची चाचणी सुजून येऊ शकते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, ती मागावी.

आपलं पॅरासिटामॉल तिथं असिटामिनोफेन या नावानं मिळतं. सर्दी-खोकल्याच्या कितीतरी औषधांत ते आधीच असतं. दोन्ही एकदम घेतली तर मात्रा जास्त होऊन यकृताला धोका. रोजची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्यावीत.

घर बदलता येतं

अमेरिकेत शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीला सरकारी नियम आहेत. मुलाला स्वतःचा स्वतंत्र पलंग हवा. घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची गुन्हेगारी नोंद तपासलेली हवी. संस्थेच्या स्थानिक समन्वयकानं दर महिन्याला मुलाशी बोललंच पाहिजे. विमाही सक्तीचा आहे. घरात भीती वाटत असेल, कोणी अंगाला हात लावत असेल, उपाशी ठेवत असेल, तर त्याच दिवशी समन्वयकाला कळवायचं. समन्वयकानं ऐकलं नाही तर अमेरिकी परराष्ट्र खात्याचा मदत क्रमांक मुलांना आधीच दिलेला असतो. घर बदलून मागणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे.

आमच्या मुलीचं घर मात्र वाईट नव्हतं. मी तिच्याकडून एकच वाक्य पाठ करून घेतलं: “मी नको म्हणाले, पण मला भूक लागली आहे.” तिला ते यजमानीणबाईंसमोर बोलवेना. मग तिनं समन्वयकाला लिहिलं आणि दोघी मिळून बाईंशी बोलल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या समजत होत्या, पोरीला आपल्या हातचं आवडत नाही. त्यांनी फ्रीजचा एक कप्पा तिला करून दिला आणि खोलीत जाड रजई आणून ठेवली. रविवारी ही वरणभात करायला लागली. जानेवारीत पाळी आली, तेव्हा तिच्या आईनं मला दारातूनच हाक मारून सांगितलं.

आई-बाबांनो, फोनवर “कशी आहेस?” विचारलं की मूल “ठीक आहे” म्हणणारच. त्यापेक्षा विचारा: आज सकाळी काय खाल्लंस? रात्री किती वाजता झोपलीस? आज कोणाशी हसून बोललीस? आणि पोरांना निघण्याआधी सांगा, की तू तिथं कोणाच्या उपकारावर राहायला चाललेली नाहीस. परीक्षा दिलीस, मुलाखत दिलीस, निवडून आलीस. भूक लागली तर माग, दुखलं तर सांग.