बागेंतील तळें आणि मागूर मासा

घरापुढें चार झाडें आणि त्यांच्या सावलींत एखादें लहानसें तळें असावें, ही हौस आपल्या लोकांस नवी नाहीं. तळें झालें कीं घरांतील मुलें मासे मागतात, आणि मग बाजारांतील तांबडे-सोनेरी मासे आणून सोडले जातात. उन्हाळ्यांत पाणी तापून त्यांतील प्राणवायु कमी झाला, म्हणजे ते बिचारे वर तोंड काढून तडफडतात व मरतात. अशा वेळीं कोणी तरी सुचवितो कीं, मिशा असलेला मासा, इंग्रजींत ज्याला कॅटफिश म्हणतात तो, आणावा. तो सहसा मरत नाहीं. हा सल्ला चुकीचा नाहीं, परंतु अपुरा आहे. चिवटपणा हा या माशाचा मोठा गुण खरा. पण त्या गुणामुळेंच नवशिक्याची फसगत होते. म्हणून मासा घरीं आणण्यापूर्वीं कांहीं गोष्टी नीट समजून घेणें इष्ट आहे.

मिशाळ माशांच्या जाती हजारों आहेत. आपल्या देशांतील लहान तळ्यास साजेल असा त्यांतील एक म्हणजे मागूर. फ्रान्सिस हॅमिल्टन नांवाच्या पंडितानें गंगेंतील माशांवर इ. स. १८२२ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या माशाचें शास्त्रीय नांव त्याच्या देशी नांवावरूनच ठेविलें. अंगावर खवले नाहींत, डोकें चपटें, तोंडाभोंवतीं मिशांच्या चार जोड्या आणि पाठीवरील पर थेट शेपटीपर्यंत लांबलेला, असें याचें रूप असतें. लांबी सामान्यतः २५ ते ३० सेंटिमीटर. कल्ल्यांच्या वर प्रवाळाच्या फांद्यांसारखें एक इंद्रिय असतें. त्याच्या योगानें तो हवेंतून श्वास घेतो. मधून मधून पृष्ठभागावर येऊन हवा घेणें हा त्याचा नित्यक्रम होय. वर येण्यास अवसर मिळाला नाहीं, तर हा मासा असूनही पाण्यांत गुदमरून मरतो. म्हणून तळ्याचा सर्व पृष्ठभाग पानांनीं झांकूं देऊं नये. निदान अर्धा मोकळा असावा.

जातीची निवड ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मागुराचा भाऊबंद शोभेल असा शिंगी मासाही हवेंतून श्वास घेतो. परंतु त्याच्या छातीजवळच्या कांट्यांत विष असून दंशाची वेदना फार तीव्र असते. ज्या घरांत मुलें पाण्यांत हात घालणार, तेथें तो नकोच. दुसरा प्रकार याहून घातक. बाजारांत ‘मांगूर’ या नांवाखालीं पुष्कळदां आफ्रिकेंतील परदेशी जात विकली जाते. ती एक मीटरहूनही लांब वाढते व तोंडांत मावेल तो जीव गिळते. आपल्या नद्यांतील माशांस तिच्यापासून धोका असल्यामुळें केंद्र सरकारनें २००० सालीं तिच्यावर बंदी घातली, आणि २०१८ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें तिचे सांठे नष्ट करण्याची आज्ञा दिली. उलट आपला देशी मागूर जगांतील संकटग्रस्त जातींच्या यादींत जाऊन बसला आहे. लहानपणीं दोहोंची पिलें सारखींच दिसतात. नुसत्या नजरेवर विसंबूं नये. जें मत्स्यबीज-केंद्र जातीचें नांव पावतीवर लिहून देईल, तेथूनच पिलें घ्यावीं.

आतां तळ्याविषयीं. अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि पाऊण मीटर पाणी राहील असें तळें बांधल्यास त्यांत सुमारें २८०० लिटर पाणी मावतें. एवढ्यांत दोन किंवा तीन मागूर पुरेत. नवें सिमेंट पाण्यांत चुना सोडतें; तें माशास बाधतें. यास्तव तळें भरून आठवडाभर ठेवावें, रितें करावें, पुन्हा भरावें, असें दोन-तीन वेळां झाल्यावरच मासे सोडावे. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन उडून जाण्यासाठीं तें एक दिवस उघड्या टांकींत राहूं द्यावें. मागूर रात्रीं हिंडणारा व दिवसा लपणारा. त्याच्यासाठीं तळाशीं मातीच्या नळ्या किंवा आडवीं मडकीं ठेवावीं. अंगावर खवले नसल्यानें धारदार दगड त्यास ओरबाडतात. कमळें लावावयाचीं तर कुंड्यांत लावून वर गोटे पसरावे, नाहींतर हा मासा मुळें उकरून काढतो. जलपर्णी मात्र मुळींच आणूं नये. तसेच लहान शोभेचे मासे त्याच्या सोबत ठेवूं नयेत. रात्रींतून एकेक नाहींसा होईल.

अन्न दिवसांतून एकदां, दिवे लागणीच्या वेळीं द्यावें. गांडुळें हें त्याचें आवडतें खाद्य. ज्या घरांत तें देणें रुचत नाहीं, तेथें तळाशीं बुडणाऱ्या तयार गोळ्या द्याव्या. मात्र बहुतेक गोळ्यांत मासळीची भुकटी असते, हें शाकाहारी कुटुंबानें आधींच ध्यानांत घ्यावें. पंधरा-वीस मिनिटांत संपेल इतकेंच घालावें. थंडींत त्याहून कमी. उरलेलें अन्न कुजून अमोनिया नांवाचें द्रव्य उत्पन्न होतें, आणि येथेंच वर सांगितलेली फसगत घडते. इतर मासे पाणी बिघडतांच धापा टाकून सूचना देतात. मागूर हवेवर जगत असल्यामुळें प्राणवायु संपला तरी स्वस्थ दिसतो; परंतु अमोनिया त्याच्या त्वचेस व कल्ल्यांस जाळीतच असतो. अन्न सोडणें, मिशा झिजणें, अंगावर लाल चट्टे उठणें, हीं लक्षणें दिसतात तेव्हां उशीर झालेला असतो. म्हणून मासा तक्रार करो वा न करो, दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावें. काढलेलें पाणी फुलझाडांस घालावें. तें उत्तम खत होय.

पावसाळ्यांत विशेष जपावें. ओल्या रात्रीं छातीच्या कांट्यांवर रेटा देत हा मासा जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्याच्या शोधास निघतो. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत १९६० नंतरच्या दशकांत आशिया खंडांतून नेलेले याचे जातभाई पाळीव जागेंतून निसटले आणि तेथील जलाशयांत पसरले. मासे पाळणाऱ्यांस आपल्या तळ्यांभोंवतीं कुंपणें घालावीं लागलीं. यासाठीं पाण्याची पातळी कांठाच्या खालीं एक फूट ठेवावी, वर मजबूत जाळीचें झांकण असावें व सांडव्याच्या तोंडाशींही बारीक जाळी बसवावी. त्या झांकणामुळें लहान मुलेंही पाण्यांत पडण्यापासून सुरक्षित राहतात. मासा हलवावयाचा झाल्यास हातजाळें वापरावें, नुसत्या हातानें धरूं नये.

शतपथ ब्राह्मणांतील मनूची कथा सर्वांस ठाऊक आहे. ओंजळींत आलेल्या चिमुकल्या माशानें त्यास सांगितलें कीं, मला प्रथम घागरींत ठेव, मोठा झालों म्हणजे खड्ड्यांत, आणि त्याहून मोठा झालों म्हणजे समुद्रांत सोड. मासा हातांत आला त्याच क्षणीं त्याच्या पुढील सर्व निवासांचा विचार झाला होता, हें त्या कथेंतील मर्म पाळणाऱ्यानें घ्यावें. समुद्राचा भाग मात्र आज अनुकरणीय नाहीं. कंटाळा आला, बदली झाली किंवा मासा फार वाढला, म्हणजे पुण्य समजून त्यास नदींत, विहिरींत अथवा देवळाच्या तळ्यांत सोडणारे लोक आढळतात. एका जिवावर दया करण्याच्या भरांत तेथील शेंकडों जिवांवर ते संकट आणतात. मासा परदेशी असला तर तो त्यांस खातो, आणि देशी असला तरी त्याच्याबरोबर रोग जाऊं शकतो. तेव्हां आपल्यानंतर हा मासा कोणाच्या तळ्यांत जाईल, हें घरांतील वडील मंडळींनीं व मुलांनीं एकत्र बसून आधीं ठरवावें. तें ठरलें, म्हणजे मग खुशाल तळें खणावयास घ्यावें.