रंग बदलणारा सरडा : पाळावा की पाहावा?

परभणीहून जिंतूरकडे जाताना वाटेत बोरी लागते. गावाबाहेर कापूस, सोयाबीन व तुरीची शेते आहेत आणि बांधांवर बोरी-बाभळींची काटेरी झुडपे. अशाच झुडपांत पानांमध्ये पान होऊन बसणारा प्राणी म्हणजे शॅमेलिऑन, ज्याला काही भागांत घोयरा सरडा म्हणतात. कुंपणावर मान हलवीत तांबडा गळा दाखविणारा नेहमीचा सरडा निराळा. शॅमेलिऑन दोन्ही बाजूंनी चपटा, हिरवट, डोक्यावर टोपरे घातल्यासारखा आणि शेपटीची गुंडाळी केलेला असतो. फांदीवरून तो डुलत डुलत, एकेक पाऊल तोलून चालतो. त्याच्या पायांची बोटे चिमट्यासारखी दोन गटांत विभागलेली असतात आणि दोन्ही डोळे एकाच वेळी दोन वेगळ्या दिशांना पाहू शकतात. भारतात त्याची ही एकच जात आढळते.

अलीकडे भ्रमणध्वनीवरील परदेशी चित्रफिती पाहून मुले हा प्राणी घरी आणण्याचा हट्ट धरतात. मागणी निष्पाप असते. भुंकणे नाही, केस गळणे नाही, कोपऱ्यात एक जाळीची पेटी ठेवली की झाले, असे वरवर वाटते. परंतु या पाहुण्याचा जमाखर्च मांडून पाहिला तर चित्र बदलते.

पाळण्याचे शास्त्र असे आहे. शॅमेलिऑन एकलकोंडा असतो, म्हणून एका पेटीत एकच ठेवावा लागतो. पेटी उंच, हवेशीर आणि फांद्यांनी भरलेली हवी. एका बाजूला उष्ण दिवा, दुसऱ्या बाजूला सावली, शिवाय अतिनील किरण देणारा वेगळा दिवा लागतो. तो नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडे मऊ पडून वाकतात. वाटीतले पाणी सहसा हा प्राणी ओळखतही नाही. पानावरचे दवबिंदू चाटणे एवढेच त्याला ठाऊक असल्याने दिवसातून अनेकदा पानांवर तुषार उडवावे लागतात. हाताळलेले त्याला सोसत नाही. अंगाचा रंग काळवंडला की मुले हरखून टाळ्या पिटतात, आणि त्या वेळी तो बहुधा भ्यालेला असतो. पार्श्वभूमीशी जुळवून घेण्यासाठी तो रंग बदलतो ही समजूत मुख्यतः चुकीची आहे. उष्णता, प्रकाश, भीती आणि चुरस ही खरी कारणे होत. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या एका जातीवर दाखवून दिले की त्वचेतील सूक्ष्म स्फटिकांमधील अंतर कमी-अधिक करून हा रंगपालट साधला जातो.

खरी अडचण आहाराची आहे. शॅमेलिऑन जिवंत, हलणारे कीटक खातो. शरीराहूनही लांब जाणारी चिकट जीभ क्षणार्धात फेकून तो भक्ष्य टिपतो, आणि जे हलत नाही त्याकडे बहुधा पाहतही नाही. मोठ्या प्राण्याला एक दिवसाआड पाच रातकिडे असा माफक हिशेब धरला तरी वर्षाकाठी नऊशेहून अधिक जीव होतात; पाच वर्षांत साडेचार हजारांच्या वर. लहान पिलाला तर रोजच अनेक किडे लागतात. म्हणजे घरात एक पेटी सरड्याची आणि दुसरी, त्याच्या ताटासाठी वाढविलेल्या रातकिड्यांची.

शाकाहारी घरात यावर पर्याय शोधला जातो : भिजवलेली डाळ, दुधात कुस्करलेली पोळी, फळांच्या फोडी. येमेन-सौदी अरबस्तानातील एक जात अधूनमधून पाने कुरतडते हे खरे, परंतु तेवढ्यावर तीही जगत नाही. आपला भारतीय शॅमेलिऑन तर अशा ताटासमोर उपाशीच मरेल. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध आणि अन्नपाननिरोध या दोहोंची गणना आहे. प्राण्याला कोंडले की पहिला अतिचार घडतो आणि डाळ-पोळीवर ठेवले की दुसरा. किडे घातले तर त्रस जीवांची हिंसा संकल्पपूर्वक होते. या तिढ्यातून सुटण्याची वाट पेटीच्या आत नाही. ज्यांना यात नवा व्यवसाय दिसतो त्यांनी पंधरा कर्मादानांतील असतीपोषणाचे स्मरण ठेवावे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात पोपट, मांजर, कुत्रा आदी प्राणी पैशासाठी पाळणे त्यातच गणले आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये संरक्षित असून तो पकडणे, विकणे वा घरी बाळगणे गुन्हा आहे. कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतात. शेतातून हौसेने उचलून आणला, ही सबब चालत नाही. परदेशी जातींचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्यांना परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे. विक्रेत्याने दिलेली साधी पावती म्हणजे नोंदणी नव्हे. कर्जाच्या कागदपत्रांइतक्याच बारकाईने हे कागद तपासावेत.

तथापि हा प्राणी कधीकधी आपण होऊन माणसाच्या वाटेत येतो. अंडी घालण्यासाठी मादी झाडावरून उतरते, भुसभुशीत मातीत खड्डा करते आणि अंडी पुरून पुन्हा वर जाते. जमिनीवर तिची चाल अतिशय मंद असते. रस्ता ओलांडताना ती चाकाखाली येते, किंवा विषारी समजून दगडांनी ठेचली जाते. वास्तविक शॅमेलिऑनला विष नसते. तो फुगतो, फूत्कारतो, तोंड वासतो. एवढेच त्याचे शस्त्र. तो रस्त्यावर दिसल्यास त्याच्यापुढे लांब काठी आडवी धरावी. बहुधा तो तिच्यावर आपोआप चढतो. मग ज्या दिशेला तो निघाला होता त्याच बाजूच्या झुडपावर काठी टेकवावी. जखमी आढळल्यास भोके पाडलेल्या खोक्यात एक डहाळी घालून त्याला सावलीत ठेवावे, तोंडात पाणी ओतू नये, काही भरवू नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण थट्टेने म्हणतो; या सरड्याचे मात्र सारे घरदार त्या कुंपणातच असते. बांध साफ करताना बोरी-बाभळीची झुडपे मुळासकट जाळली की त्याचा निवारा जातो आणि त्याचे भक्ष्य असलेले टोळ-नाकतोडेही जातात. एखादा कोपरा राखला तर तेथे तो स्वतःचे पोट स्वतः भरतो. यजमानाला काही घालावे लागत नाही.

मुलांना तो दाखवायचा असेल तर रात्रीची वेळ उत्तम. दिवसा जो पानांत सापडत नाही तो झोपेत फिकट पडतो आणि फांदीच्या टोकाला शेपटी गुंडाळून बसतो. बॅटरीचा झोत झुडपावरून सावकाश फिरवला की हिरव्या पानांत तो पांढुरका उठून दिसतो. झोत क्षणभरच ठेवावा, फांदी हलवू नये आणि पायांखाली पाहून चालावे, कारण त्या वेळी बांधावर सापही फिरत असतात.