लाल कुठून सुरू होतं?

न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा वाटलं, तिकिटांचं काही असेल. डिसेंबरच्या सुट्टीत ती दोन्ही मुलांना घेऊन येणार होती. चंद्रपूरला आजोळी चार दिवस, आणि तिथून गडचिरोलीतलं हेमलकसा. लोकबिरादरी प्रकल्प मुलांना दाखवायचा, हे तिच्या मनात कित्येक वर्षांपासून होतं. पण आवाज वेगळाच लागला. म्हणाली, "दादा, अमेरिकेच्या ट्रॅव्हल ॲडव्हायझरीत आपला भाग आहे, माहीत आहे तुला?"

नव्हतं माहीत. तिने पाठवलेला मजकूर मी त्याच रात्री वाचला. जून २०२५ मधली ती सूचना होती. भारत दुसऱ्या पायरीवर, म्हणजे 'जास्त सावधगिरी बाळगा' या वर्गात. खाली भागवार तपशील होता. जम्मू-काश्मीर, पाकिस्तानची सीमा, मणिपूर. आणि मग मध्य व पूर्व भारतातला नक्षलवाद्यांचा टापू, जो महाराष्ट्राच्या पूर्वेला सुरू होऊन थेट पश्चिम बंगालपर्यंत जातो. पुढे आणखी एक वाक्य: भारतात नोकरीवर असलेल्या अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्राच्या पूर्व भागात जायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते.

मी खिडकीत उभा राहून बराच वेळ त्या वाक्याचा विचार करत होतो. ज्या रस्त्यावर आम्ही एस.टी.च्या मागच्या सीटवर उड्या मारत मामाकडे गेलो, त्या रस्त्यावर जायला कुणाला तरी परवानगी लागते. आपलं घर दुसऱ्या कुणाच्या नकाशावर लाल रंगात दिसणं हा विलक्षण अनुभव आहे. सीरिया, सोमालिया, अफगाणिस्तान ही नावं बातम्यांत ऐकताना तिथेही कुणाचं तरी आजोळ असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

तिचा प्रश्न सरळ होता: जाऊ का? उत्तर द्यायचं म्हणून मी हा कागद मुळात काय आहे ते शोधायला लागलो, आणि त्यातच गुंतलो.

आज दिसते ती चार पायऱ्यांची पद्धत अमेरिकेने जानेवारी २०१८ मध्ये आणली. नेहमीची काळजी घ्या, जास्त सावधगिरी बाळगा, जाण्याचा फेरविचार करा, जाऊ नका. दुसऱ्या पायरीपासून पुढच्या देशांपुढे कारणाची अक्षरं असतात. गुन्हेगारीचं वेगळं, दहशतवादाचं वेगळं, रोगराईचं वेगळं. २०१९ मध्ये अपहरणासाठी नवं अक्षर आलं, २०२२ मध्ये परक्या सरकारने अन्यायाने डांबून ठेवण्यासाठी आणखी एक. जगातली भीती कशी बदलत गेली, ते या अक्षरांच्या यादीत वाचता येतं. पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या देशांची सूचना वर्षातून एकदा तपासली जाते, वरच्या दोन पायऱ्यांची दर सहा महिन्यांनी.

पण मला ओढ लागली होती ती त्या परवानगीच्या वाक्याची. कर्मचाऱ्यांना दिलेला अंतर्गत आदेश सगळ्या जगाला का वाचायला द्यायचा? त्याचा माग काढत गेलो तर पोचलो फिनलंडला.

५ डिसेंबर १९८८. हेलसिंकीतल्या अमेरिकी दूतावासात एक निनावी फोन येतो. दोन आठवड्यांच्या आत फ्रँकफर्टहून अमेरिकेला जाणाऱ्या पॅन ॲमच्या विमानात बॉम्ब ठेवला जाईल, असं बोलणारा सांगतो. ही माहिती विमान कंपन्यांना आणि दूतावासांना कळवली जाते. मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासात तर ती सूचना फलकावर लागते. नाताळला घरी निघालेल्या तिथल्या कर्मचाऱ्यांना आपला निर्णय घेता येतो. सामान्य प्रवाशांना कुणीच काही सांगत नाही. २१ डिसेंबरला पॅन ॲमचं १०३ क्रमांकाचं विमान स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर आकाशात फुटतं. विमानातले २५९ आणि जमिनीवरचे ११, मिळून २७० माणसं जातात. त्या उड्डाणाचा पहिला टप्पा फ्रँकफर्टहूनच निघालेला होता.

पुढे चौकशीत निष्कर्ष निघाला की तो फोन खोटाच होता, बॉम्बशी त्याचा संबंध नव्हता. केवळ एक भयंकर योगायोग. पण मेलेल्यांच्या घरच्यांना त्या फलकाबद्दल कळलं तेव्हा त्यांचा प्रश्न फोन खरा की खोटा हा नव्हताच. तुम्ही तुमच्या माणसांना सांगितलंत, आमच्या माणसांना का नाही? या प्रश्नाला उत्तर नव्हतं. १९९० मध्ये कायदा झाला, आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एक तत्त्व मान्य केलं: आपल्या कर्मचाऱ्यांना धोक्याची जी माहिती द्याल, ती नागरिकांनाही द्यायची. दुहेरी माप नाही.

म्हणजे मुंबईतल्या एखाद्या अमेरिकी अधिकाऱ्याला गडचिरोलीत जायला परवानगी लागते, ही गोष्ट माझ्या बहिणीला न्यू जर्सीत, एडिसनच्या स्वयंपाकघरात बसून वाचता येते, यामागे लॉकरबीच्या मृतांच्या आईवडिलांचा संताप आहे. त्या कोरड्या सरकारी वाक्याकडे मी पुन्हा पाहिलं, आणि ते मला कोरडं वाटेना.

तरीही त्या कागदाचा स्वभाव ओळखून घ्यायला हवा. ऑक्टोबर २००२ मध्ये बाली बेटावर बॉम्बस्फोट झाले, २०२ माणसं गेली, त्यांत ८८ ऑस्ट्रेलियन. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने चौकशी केली: नागरिकांना वेळेवर इशारा दिला होता का? अशी चौकशी एकदा झाली की सूचना लिहिणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या खुर्चीमागे ती कायमची उभी राहते. इशारा दिला नाही आणि काही घडलं, तर जाब विचारला जातो. इशारा दिला आणि वर्षानुवर्षं काहीच घडलं नाही, तर कुणी विचारायला येत नाही. म्हणून लाल रंग चटकन चढतो आणि फार सावकाश उतरतो. यात कुणाची लबाडी नाही. त्या खुर्चीत मी असतो तर मीही तसंच केलं असतं.

आणि त्या रंगाची ताकद! जून २०१५ मध्ये ट्युनिशियातल्या सूस इथे समुद्रकिनाऱ्यावर गोळीबार झाला. ३८ पर्यटक मारले गेले, त्यांतले ३० ब्रिटिश. दोन आठवड्यांच्या आत ब्रिटनने सूचना काढली: अगदी आवश्यक असेल तरच जा. एवढं एकच वाक्य. पण सरकारने जाऊ नका म्हटलेल्या ठिकाणी गेलात, तर बहुतेक ब्रिटिश विमा कंपन्या हात वर करतात. विमा नाही म्हणून सहल कंपन्या नाहीत, कंपन्या नाहीत म्हणून विमानं नाहीत. ती सूचना जुलै २०१७ मध्ये सैल झाली. मधली दोन वर्षं त्या किनाऱ्यावरच्या वेटरनी, टॅक्सीवाल्यांनी, गालिचे विकणाऱ्यांनी कशी काढली असतील, याची नोंद कुठल्या पायरीवर होत नाही. इशारा जाणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. जिथे जायचं तिथल्या माणसासाठी नसतो.

पुढच्या फोनवर बहिणीला मी हेही सांगितलं की संकटात अमेरिकेचं सरकार विमान पाठवून सोडवेल या भरवशावर राहू नको. अशा सुटकेच्या वेळी सहसा प्रवाशाकडून कर्जाच्या कागदावर सही घेतली जाते, आणि भाडं नंतर फेडावं लागतं. तिला हे ठाऊक नव्हतं. थोडा वेळ ती गप्प राहिली.

मग तिने तो विषय काढला जो दोघांच्याही मनात होता. "आणि पहलगाम?"

जम्मू-काश्मीरबद्दल अमेरिकेची सूचना पूर्वीपासून सगळ्यात वरच्या पायरीची होती. लडाखचा काही भाग सोडला तर जाऊ नका. १९९५ मध्ये पहलगामच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेल्या परदेशी पर्यटकांचं अपहरण झालं, तेव्हापासून पाश्चात्त्य देशांच्या नकाशावर काश्मीर लालच होतं. ब्रिटनने जम्मू आणि श्रीनगर या दोन शहरांपुरता तो रंग उतरवला, तो २०१२ मध्ये. त्याच काळात आपल्याकडून, पुण्याहून, डोंबिवलीहून, नागपूरहून सहली भरभरून जात होत्या. दल सरोवराचं तेच पाणी, तेच शिकारे. एका नावेत बसलेल्याच्या सरकारने त्याला येऊ नको म्हटलेलं, शेजारच्या नावेतल्याला त्याच्या सरकारने बोलावलेलं. २०२४ मध्ये वैष्णोदेवी आणि अमरनाथचे यात्रेकरू धरून सुमारे २ कोटी ३६ लाख लोक जम्मू-काश्मीरला गेले, असा सरकारी आकडा आहे. आणि २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात २६ माणसं मारली गेली. त्यांतली सहा महाराष्ट्रातली.

तो लाल रंग खरा ठरला, असं माझ्याच्याने म्हणवत नाही. तो खोटा होता, असंही म्हणवत नाही.

२६ ला २ कोटी ३६ लाखांनी भागून धीर द्यायचा मोह मलाही झाला. अशी गणितं काही ठिकाणी फार कामाची असतात. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर विमानाला घाबरून लाखो अमेरिकनांनी मोटारीने जाणं पसंत केलं. त्या वाढलेल्या वाहतुकीमुळे वर्षभरात सुमारे दीड हजार जास्तीचे मृत्यू रस्त्यावर झाले, असा अंदाज गेर्ड गिगरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मांडला. भीतीने त्यांना सुरक्षित वाटणाऱ्या रस्त्यावर आणलं, आणि तिथेच मरण होतं.

पण भागाकार अपघाताला लागू पडतो, कारण अपघात कुणाला निवडत नाही. बंदूक घेऊन आलेला माणूस निवडतो. बैसरनला त्याने पर्यटकच शोधले. तिथे सरासरीला काही अर्थ उरत नाही. फोनवर बोलता बोलताच मला उमगलं की 'धोका किती आहे' हा प्रश्न अपुरा आहे. त्याच्या आधी विचारायचं: धोका कुणाला शोधतो आहे?

हा प्रश्न घेऊन मी गडचिरोलीकडे पाहिलं. तिथे रक्त सांडलेलं आहे, ते नाकारून चालणार नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये भामरागड तालुक्यातल्या लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक. या हिंसेने शोधले ते मुख्यतः पोलीस, आणि खबरी असल्याच्या संशयावरून गावातलेच आदिवासी. पर्यटकाला अजिबात भय नव्हतं, असं मात्र नाही. मार्च २०१२ मध्ये ओडिशात माओवाद्यांनी दोन इटालियन नागरिकांना पळवून नेलं होतं, आणि नंतर सोडलं. म्हणजे अमेरिकी कागदावरचं ते वाक्य हवेतून आलेलं नव्हतं. पण काळही पुढे सरकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. आणि या सगळ्या वर्षांत, १९७३ पासून, हेमलकशाचा दवाखाना चालू होता. पुण्यामुंबईची कुटुंबं मुलांना घेऊन तिथे जात होती, जंगली प्राण्यांचं अनाथालय पाहत होती.

मग मी आजोळच्या माणसांना फोन केले. ज्यांचं रोजचं येणंजाणं त्या रस्त्याने आहे, त्यांना. त्यांनी सांगितलेल्या धोक्यांची यादी वेगळीच निघाली. मलेरिया, कारण राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा मोठा असतो. अंधार पडल्यावर रस्त्यावर येणारी जनावरं. मोबाइलला रेंज नसणं. आणि पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर, ज्यात भामरागडचा संपर्क तुटतो. बहिणीने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मलेरियाच्या गोळ्यांचं तिकडच्या डॉक्टरांना विचारलं. विम्याचे बारीक अक्षरातले कागद वाचले. दिवसाउजेडीच प्रवास करायचा असं ठरवलं. शेवटी म्हणाली, "येते."

डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही चंद्रपूरहून निघालो. गोंडपिपरी मागे पडलं, आणि आष्टीच्या अलीकडे वैनगंगेचा पूल आला. पात्र रुंद, पाणी शांत, वाळूवर बगळे. भाची खिडकीला नाक लावून बसली होती. आईने काय काय वाचलं होतं ते तिने ऐकलेलं होतं. तिच्या त्या गोड, अडखळत्या मराठीत तिने विचारलं, "मामा, लाल कुठून सुरू होतं?"

मी पुलाकडे बोट दाखवलं. जिल्ह्याची हद्द तीच. ती वाकून वाळूकडे पाहत राहिली.

आलापल्लीपासून पुढे साग दाटत गेला. उंच, सरळ खोडं, खाली वाळलेल्या पानांचा जाड थर. वाटेत पोलीस ठाण्यांच्या उंच भिंती आणि काटेरी तारा दिसल्या तेव्हा गाडीत सगळे गप्प झाले. हेमलकसा पाहून संध्याकाळच्या आत आम्ही भामरागडच्या संगमावर गेलो. इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतमी, तीन नद्या एकमेकींत मिसळतात. पलीकडच्या काठावर छत्तीसगड.

परतताना पर्लकोटेच्या पुलावर ड्रायव्हरने गाडी हळू केली. पाणी पार खाली, खडकांमधून वाहत होतं. त्याने हात काचेबाहेर काढून पुलाच्या कठड्याच्या कितीतरी वर दाखवला. बहिणीला खरं वाटेना. "इतकं वर?"

"हो ना. तुम्ही केव्हाही या बाई, पोरांना आणा. पावसाळ्यात मात्र येऊ नका जी. ही चढली का मग आमचंच आम्हाला घरी जाता येत नाही."

बहिणीने पर्समधून ती वही काढली, आणि हे वाक्य सगळ्यांत वर लिहिलं.