रुमालाची मुदत

एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडक्यांमधून रुमाल आत पडू लागतात. रुमाल नसेल तर टोपी, पिशवी, वर्तमानपत्र. एकदा तर मी कोणाचं तरी चार-पाच वर्षांचं पोर खिडकीतून आत सरकवलेलं पाहिलंय. मग माणूस दारातल्या रेटारेटीत निवांत शिरतो, कारण जागा आता त्याची. तिकीट काढलेलं नाही, कंडक्टरला पत्ता नाही, तरी गाडीतली चाळीस अनोळखी माणसं त्या कापडाच्या तुकड्याचा मान राखतात. पण गाडी सुटली आणि रुमालाचा धनी उगवला नाही, की शेजारी उभा असलेला गृहस्थ रुमाल उचलून दांडीवर टाकतो आणि बसतो. तेव्हाही कोणी हरकत घेत नाही. रुमालाला मुदत असते, आणि ती सगळ्यांना न सांगता ठाऊक असते.

नाटकाचं किंवा मैफलीचं तिकीट मोबाइलवर काढताना आपण एका खुर्चीवर बोट टेकवतो, तिचा रंग बदलतो आणि कोपऱ्यात एक घड्याळ उलटं चालू लागतं. तो हाच रुमाल. पैसे दिलेले नाहीत, तरी तेवढी मिनिटं ती खुर्ची दुसऱ्या कोणाला दिसली तरी मिळत नाही. मात्र इथं खिडकी एक आणि फेकणारे हजारो असतात, आणि कोणाचा रुमाल आधी पडला याचा निवाडा सेकंदाच्या हजाराव्या भागात करायचा असतो.

हा निवाडा पूर्वी एका पेन्सिलीवर चाले. नाट्यगृहाच्या खिडकीत प्रत्येक प्रयोगाचा एक छापील कागद असायचा, त्याला सगळे ‘प्लॅन’ म्हणत. त्यावर रांगा, रांगांत चौकोन, चौकोनांत आकडे. खिडकीतल्या काकांकडे लाल-निळी पेन्सिल असे. तिकीट फाडून दिलं की चौकोनावर लाल फुली. ओळखीतल्या कोणी फोनवर “दोन ठेवा हो, संध्याकाळी येतो” म्हटलं की साध्या पेन्सिलीनं हलका गोल आणि आत बारीक अक्षरात आडनाव. प्रयोगाला अर्धा तास उरला, आडनाव आलं नाही, की खोडरबर. मी वडिलांचं बोट धरून त्या खिडकीशी उभा असायचो तेव्हा माझं सगळं लक्ष त्या खोडरबराकडे. त्याच्या कृपेनं आम्हाला एकदा चक्क तिसरी रांग मिळाली होती.

या व्यवस्थेत एकच खुर्ची दोघांना विकली जाणं जवळजवळ अशक्य होतं. कागद एक, पेन्सिल एक, माणूस एक. गोंधळ सुरू होतो दुसरी खिडकी उघडली की. गावात एखाद्या दुकानातही तिकिटं ठेवायची, तर प्लॅन फाडून वाटायचा कसा? मग खुर्च्याच वाटून टाकत: अमुक रांगा दुकानाकडे, बाकीच्या खिडकीवर. दुकानातल्या पडून राहत आणि खिडकीवर हाऊसफुल्लची पाटी लागे.

विमान कंपन्यांना हाच पेच फार मोठ्या आकारात पडला. अमेरिकन एअरलाइन्सकडे एक गोल फिरतं फडताळ होतं, त्यात प्रत्येक उड्डाणाचं एक कार्ड. त्याभोवती आठ कारकून बसत, फडताळ फिरवून कार्ड काढत, खूण करत आणि परत ठेवत. उड्डाण शोधून जागा राखून तिकीट लिहून होईपर्यंत सरासरी ९० मिनिटं जात. नववा कारकून नेमायची सोय नव्हती, कारण त्या फडताळाभोवती आठच माणसं मावत! १९५३ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात या कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे विक्री अधिकारी ब्लेअर स्मिथ यांची गाठ पडली. आडनाव एकच, म्हणून बोलणं सुरू झालं. त्या गप्पांतून पुढे ‘सेबर’ ही संगणकी आरक्षण व्यवस्था उभी राहिली आणि १९६४ पर्यंत कंपनीचं सगळं आरक्षण तिच्यावर आलं. एवढ्या मोठ्या यंत्रणेचा उगम विमानातल्या अशा गप्पांत असावा, हे मला एखाद्या चांगल्या नाटककारानं योजल्यासारखं वाटतं. आपल्या रेल्वेचं आरक्षण दिल्लीत संगणकावर आलं ते १९८६ साली.

आता जरा जवळून बघू. एफ रांगेतली १४ नंबरची खुर्ची. नाशिकची एक बाई आणि ठाण्याचा एक मुलगा, दोघांचं बोट तिच्यावर जवळजवळ एकाच क्षणी टेकतं. नवशिक्या प्रोग्रामरनं लिहिलेली व्यवस्था आधी विचारते, “१४ रिकामी आहे का?” आणि उत्तर होकारार्थी आलं की नाव लिहिते. यात वावगं काय? वावगं आहे ते विचारणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत. बाईच्या वतीनं विचारून झालंय, लिहायचं बाकी आहे, मध्ये फार तर १० मिलिसेकंद. नेमका तेवढ्यात मुलाचा प्रश्न येऊन पडतो. कागद अजून कोराच, म्हणून त्यालाही ‘हो’. शुक्रवारी रात्री एफ १४ पाशी दोन माणसं हातात तिकीट घेऊन एकमेकांकडे बघत उभी राहतात आणि डोअरकीपर टॉर्च आळीपाळीनं दोन्ही तिकिटांवर मारतो.

उपाय असा की विचारणं आणि लिहिणं एकाच दमात व्हायला हवं, मध्ये श्वाससुद्धा न घेता. ‘रेडिस’ नावाच्या एका लोकप्रिय प्रणालीत त्यासाठी एका ओळीचा हुकूम आहे. त्याचा अर्थ साधारण असा: इथे कोणाचं नाव नसेल तरच माझं लिही, आणि ५०० सेकंदांनी ते आपोआप गेलेलं असू दे. हजारो हुकूम आले तरी ते एकामागून एकच पार पडतात. एवढ्या जंजाळातून फिरून आपण पुन्हा काकांच्या पेन्सिलीपाशीच येतो. पेन्सिल एकच ठेवायची, फक्त ती अफाट वेगानं चालवायची.

मला त्याहून गंमत वाटते ती खोडरबराची. पुष्कळ व्यवस्थांत मुदत संपलेले रुमाल उचलत कोणी फिरत नाही. खुर्चीच्या नावापुढे फक्त वेळ लिहिलेली असते. पुढचा माणूस विचारायला आला की संगणक घड्याळ बघतो, वेळ टळलेली दिसली की आधीचं नाव जमेस धरत नाही. कोणी विचारलंच नाही, तर तो रुमाल तिथं तसाच, कोणालाही न अडवता.

मुदत किती ठेवायची, हा मात्र संगणकाचा प्रश्न नाही, माणसांचा आहे. घरच्या ग्रुपवर “बाबांना बाल्कनी चालेल का?” असं विचारून उत्तर येईपर्यंत चार मिनिटं जातात. मग ओटीपी येत नाही. दोन मिनिटांची मुदत ठेवली तर लोक शिव्या देतील. अर्धा तास ठेवली तर सभागृह खोटंच भरलेलं दिसेल आणि घ्यायला आलेली माणसं परत जातील. काळा बाजार करणारे तर यंत्राकरवी मुद्दामच रुमाल टाकत राहतात, मुदत संपली की पुन्हा टाकतात. दमडीचाही खर्च नाही आणि खुर्च्या अडकलेल्या. म्हणून एकाला किती खुर्च्या आणि किती वेळा धरता येतील, यालाही मर्यादा घालाव्या लागतात.

शेवटच्या चार सेकंदांत यूपीआयचा पिन टाकणारा माणूस (तो मीच) ही सगळ्यांत अवघड केस. खात्यातून पैसे गेले, पण बँकेचा निरोप पोचेपर्यंत रुमाल उडाला आणि खुर्ची दुसऱ्याची झाली. जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाला १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार ज्या कामासाठी मिळाला, त्याचा गाभा हाच: व्यवहार एक तर पूर्ण व्हावा, नाही तर झालाच नाही असं व्हावं, अर्धवट काही उरू नये. पण खुर्ची एका घरात आणि पैसा बँकेच्या घरात, दोन्ही घरं एका क्षणी बंद करता येत नाहीत. म्हणून शहाणा प्रोग्रामर पडद्यावर आठ मिनिटं दाखवतो आणि आत गुपचूप दहा धरून ठेवतो. तरीही चुकामूक झालीच तर पैसे परत. बँकेचा एकच निरोप दोनदा आला तरी तिकीट एकच निघावं, याचीही काळजी घ्यावी लागते.

मग एकट्या खुर्चीचं दुखणं. दहा खुर्च्यांच्या रांगेत पाच जोडपी आरामात बसतात. पण पहिल्याच जोडप्यानं २ आणि ३ निवडल्या की १ नंबर एकटी पडते, उरलेल्या सातांत तीन जोडपी आणि पुन्हा एक एकटी. एक जोडपं बाहेर, दोन खुर्च्या रिकाम्या. म्हणून काही ठिकाणी अशी निवड करूच देत नाहीत, आणि माणसाला वाटतं अ‍ॅप बिघडलंय. मी बहुतेक नाटकं एकट्यानं बघतो, त्यामुळे ही अनाथ खुर्ची मला बऱ्याचदा मधल्या रांगेत, ऐन मोक्याच्या जागी मिळते. तक्रार नाही.

२२ सप्टेंबर २०२४ ला नवी मुंबईतल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांची तिकिटं खुली झाली, तेव्हा मात्र खुर्ची निवडणं दूरच, लाखो लोक नुसते आभासी रांगेत ताटकळत होते. अशी रांग मुद्दाम लावलेली असते. सगळे एकदम आत सोडले तर ती एक पेन्सिल मोडेल, म्हणून दाराबाहेर थांबवून थोडे थोडे सोडायचे. विक्री उघडण्याआधीच येऊन बसलेल्यांना पुष्कळ ठिकाणी चक्क चिठ्ठ्या टाकून क्रमांक देतात, पहाटेपासून बसलात काय आणि पाच मिनिटं आधी आलात काय.

या सगळ्याचा मला झालेला फायदा एवढाच: बुकिंग उघडल्यावर दुसऱ्याच मिनिटाला सगळा प्लॅन करडा दिसला तरी मी आता हताश होत नाही. त्यातल्या कित्येक खुर्च्या विकलेल्या नसतात, नुसते रुमाल पडलेले असतात. मी गॅसवर चहा ठेवतो. अकराव्या मिनिटाला परत बघितलं, की कोणाचा तरी ओटीपी आलेला नसतो, कोणाच्या तरी बाबांना बाल्कनी चाललेली नसते, आणि एफ रांगेत मधोमध दोन चौकोन पांढरे झालेले असतात.