रंगभवन : शांतता क्षेत्रात मिटलेला रंगमंच

मुंबईबाहेरच्या अनेकांच्या कानावर ‘रंगभवन’ हे नाव पहिल्यांदा पडले ते २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर. कामा रुग्णालय आणि सेंट झेवियर्स महाविद्यालय यांच्याजवळच्या ज्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना वीरमरण आले, ती रंगभवनची गल्ली. त्याआधी मात्र हे नाव मुंबईकर रसिकांच्या मनात सुरांशी जोडलेले होते. धोबीतलावावरचे हे शासकीय खुले नाट्यगृह एकेकाळी मराठी नाटकांचे जसे होते, तसेच जॅझचे आणि रॉकचेही होते.

१९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि ‘जॅझ इंडिया’ या संस्थेने ‘जॅझ यात्रा’ महोत्सव सुरू केला, तो याच रंगमंचावर. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांच्यासारखा जागतिक कीर्तीचा कलावंत पहिल्याच वर्षी मुंबईकरांना ऐकायला मिळाला. पुढे १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांच्या पुढाकाराने ‘इंडिपेंडन्स रॉक’चा आरंभ झाला. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास भरणाऱ्या या मेळाव्याला तरुणाईने ‘आय-रॉक’ हे सुटसुटीत नाव दिले. मुंबईचा ‘रॉक मशीन’ (पुढे ‘इंडस क्रीड’), दिल्लीचा ‘परिक्रमा’, मुंबईचाच ‘पेंटाग्राम’ अशा वाद्यवृंदांच्या वाटचालीत या मेळाव्याचा मोठा वाटा आहे.

मधल्या आकाराचे महत्त्व

परदेशी वाद्यवृंद मुंबईला नवे नव्हते. ‘लेड झेपलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये येथे येऊन स्थानिक वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले. १९८० मध्ये ‘द पोलिस’ने शहरात कार्यक्रम केला. परंतु दौऱ्यावरच्या वाद्यवृंदाचे अर्थकारण नाजूक असते. प्रवास, निवास, वाद्यांची वाहतूक हा खर्च ठरलेला. उत्पन्न मात्र तिकिटांवर अवलंबून. मोकळ्या मैदानात रंगमंच, विद्युतव्यवस्था, कुंपण, आसने सारे काही एका रात्रीसाठी उभारावे लागते. हा भार मोठा प्रायोजक असेल तरच पेलतो. तयार रंगमंच, बसण्याच्या पायऱ्या आणि तिकीटखिडकी असलेली मध्यम आकाराची जागा नव्या वाद्यवृंदाला परवडते. महाविद्यालयीन महोत्सव आणि क्रीडासंकुल यांच्यामधली ही पायरी मुंबईत रंगभवनने पुरवली. शिवाय चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी टर्मिनस ही दोन्ही स्थानके पायी जाण्याच्या अंतरावर असल्याने उपनगरातला विद्यार्थीही शेवटच्या लोकलने घरी पोहोचू शकत असे.

नियम आणि अंकगणित

रंगभवनचे भाग्य बदलले ते ध्वनिप्रदूषण नियंत्रण नियमांमुळे. केंद्र सरकारने २००० मध्ये लागू केलेल्या या नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर ‘शांतता क्षेत्र’ मानला. तेथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. रंगभवनच्या शेजारी महाविद्यालय आणि रुग्णालय दोन्ही. न्यायालयीन आदेशांनंतर २००३ च्या सुमारास येथील ध्वनिवर्धक थंडावले.

आवाज थोडा कमी करून कार्यक्रम करता आले नसते का, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर डेसिबलच्या मोजणीत दडले आहे. या मापनात दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. रॉक मैफलीत रंगमंचाजवळ १०० डेसिबल आवाज सहज असतो. म्हणजे ५० डेसिबलच्या मर्यादेच्या एक लाखपट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. दहा मीटरवर १०० डेसिबल असलेला आवाज शंभर मीटरवरही ८० च्या घरात राहतो. बंदिस्त सभागृहाच्या भिंती व छप्पर त्यातला बराच भाग अडवतात. खुल्या नाट्यगृहाला ती सोय नाही. ज्या मोकळ्या आकाशामुळे रंगभवन रसिकांना प्रिय झाले, तेच त्याच्या मुळावर आले.

यात कोणाची बाजू खोटी नव्हती. खाटेवरच्या रुग्णाला शांततेचा हक्क आहे आणि शहराला गाण्याची जागा हवी, हेही खरे. चूक झाली ती पर्याय न देण्यात. ‘आय-रॉक’ उपनगरातल्या मैदानांत गेला, २०१३ नंतर थांबला आणि २०२२ मध्ये पुन्हा भरला. ‘रोलिंग स्टोन्स’ने २००३ मध्ये ब्रेबर्न स्टेडियममध्ये हजेरी लावली, पण २००७ मध्ये ‘आयर्न मेडन’ भारतात प्रथम अवतरला तो बंगळूरमध्ये. मुंबईत मोठ्या नावांना मैदाने मिळत राहिली. नवोदितांना हक्काचा रंगमंच मात्र उरला नाही.

२०१७ च्या दुरुस्तीनुसार राज्य शासनाने अधिसूचित केल्याखेरीज कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरत नाही. तरीही रंगभवनात रॉकचे ते दिवस परतले नाहीत.

हा प्रश्न केवळ महानगराचा नाही. मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी तमाशाचा फड उतरला, तरी रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करण्याचा नियम त्यालाही लागू आहे. सणउत्सवांसाठी शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. उरलेल्या दिवसांचे उत्तर ध्वनिरोधक, परवडणाऱ्या बंदिस्त सभागृहांत आहे. नियम शांतता राखू शकतो. कलेसाठी जागा मात्र शहराने ठरवूनच बांधावी लागते.