मानलेल्या माणसांचा दुरावा

शेताच्या धुऱ्यावरून सख्ख्या भावांत वाद झाला आणि तो कोर्टापर्यंत गेला, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पण त्या वादातून परत यायच्या वाटाही रूढीनं करून ठेवल्या आहेत. घरात कोणी वारलं की सुतक दोघांनाही लागतं; अबोला कितीही जुना असो, खांदा द्यायला यावंच लागतं. लग्नाच्या पत्रिकेत काकाचं नाव घालावं लागतं. भाऊबीज तर दरवर्षी येते. मन नसलं तरी पाय त्या घरी जातात, आणि पायांमागून कधी कधी मनही जातं.

आता दुसरं नातं पाहा. मानलेला भाऊ, गुरुबंधू, वारीतल्या दिंडीची माणसं. परगावाहून बदलून आलेले गुरुजी ज्या घरी वर्षानुवर्षं जेवले, ज्या घरची मुलं त्यांना काका म्हणू लागली, ते घर. हे नातं माणूस स्वतः निवडतो, म्हणून ते अधिक गोड. पण तुटलं की त्याला ना सुतक, ना पत्रिकेत जागा. त्या घरी कोणी गेलं असं कळलं, तर जावं की न जावं? गेलो तर कोणत्या नात्यानं बसावं? पंचही मध्ये पडत नाहीत, कारण वाटून द्यायला हिस्साच नसतो.

भजनी मंडळातून रुसून निघालेला माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. पहिले आठ दिवस “काहून येत नाही बाप्पा?” असं विचारतात. मग विचारणं थांबतं. त्याचे टाळ दुसरा कोणी घेतो. रात्री खंजिरी मात्र त्याच्या अंगणात ऐकू येते, आणि आपण कुठं बसत होतो, शेजारी कोण होतं, हे त्याला अंथरुणावर पडल्या पडल्या आठवतं.

या दुःखात दोन गोष्टींची गल्लत होते. हुरहूर वेगळी आणि पश्चात्ताप वेगळा. लोकांना वाटतं, आठवण काढतो त्या अर्थी चूक त्याचीच असणार. त्यालाही तेच भय असतं. म्हणून तो आठवण लपवतो. मत न बदलताही माणसांची ओढ राहू शकते, हे आपण फारसं मान्य करत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं एक मोठं उदाहरण घेऊ. ते घरातलं नाही. ज्या सोबत्यांबरोबर तुरुंग भोगला, त्यांच्यापासून दूर झालेल्या माणसाचं आहे. लोकनायक बापूजी अणे १८८० साली वणीला जन्मले. ते टिळकांचे अनुयायी. १९३० च्या जुलैत त्यांनी पुसदजवळच्या जंगलात गवत कापून सत्याग्रह केला. १९३३ साली ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मतभेद झाले आणि मालवीयजींबरोबर त्यांनी वेगळा पक्ष काढला. १९४१ साली तर ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये जुने सोबती तुरुंगात, आणि बापूजी दिल्लीला सरकारात!

त्याच महिन्यात चिमूरला अत्याचार झाले. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी नोव्हेंबरात दिल्लीला गेले आणि बापूजींच्याच घरी उपवासाला बसले. परक्याच्या दारात असं कोणी बसत नाही. पोलिसांनी त्यांना तेथून हलवलं; उपवास पुढं त्रेसष्ट दिवस चालला. १० फेब्रुवारी १९४३ ला गांधीजींनी पुण्याच्या आगाखान महालात एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. सरकार त्यांना सोडीना. तेव्हा १७ तारखेला बापूजींनी, होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्याबरोबर, राजीनामा दिला.

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते आपण आपल्या पदरचं सांगू नये. पण एवढं दिसतं की, राजीनाम्यानंतर ते जुन्या घरी राहायला आले नाहीत. १९६२ साली नागपुरातून लोकसभेवर गेले तेही अपक्ष म्हणूनच. मत मताच्या जागी राहिलं. उपवासाच्या वेळी मात्र त्यांनी खुर्ची सोडली.

आपल्यासारख्यांना सोडायला खुर्ची नसते. दसरा असतो. संध्याकाळी आपट्याचं सोनं घेऊन धाकट्यानं थोरल्याकडे जावं ही रीत. पण मानलेल्या दोघांत थोरला कोण? दोघेही आपापल्या ओसरीवर वाट पाहत बसतात. अशा वेळी गावातला तिसरा माणूस कामी येतो, आणि हे काम गुरुजींना चांगलं साधतं. पानं घेऊन निघालेल्या घोळक्यात ते त्याला सहज ओढून घेतात, “चला, त्या आळीलाही जाऊन येऊ” म्हणतात. दारात आठ-दहा जण एकदम शिरले की कोण कोणाकडे आलं याचा हिशेब राहत नाही. घरातून चहा येतो, आणि कपात साखर किती हे न विचारताच घातलेली असते.