गुळवेल आणि यकृत : पुरावा तोलताना

आयुर्वेदात गुडूचीचे स्थान मोठे आहे. चरकसंहितेत तिचा रस मेध्य रसायनांत गणला आहे आणि कामलेच्या चिकित्सेतही तिची योजना आली आहे. अशा वनस्पतीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचे वृत्त मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी 2021 साली प्रसिद्ध केले, तेव्हा वैद्यवर्गात खळबळ उडाली. कोणी ते वृत्त न वाचताच खोटे ठरवले, तर कोणी न वाचताच आयुर्वेदास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. आता काही वर्षे लोटल्यावर, विरोधी वाटणारा पुरावा कसा तोलावा, हे या प्रकरणावरून शांतपणे पाहता येते.

वस्तुस्थिती

डॉ. आभा नागरल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांतील 6 रुग्णांचे वर्णन केले होते. कोरोनाच्या साथीत या रुग्णांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतली होती. त्यांपैकी चौघांच्या यकृताचा तुकडा काढून तपासला गेला. गुळवेल ही व्याधिप्रतिकारशक्ती चेतवून स्वतःच्याच यकृतावर उलटवते, किंवा आधीपासून सुप्त असलेला तसा विकार उघड करते, असा लेखकांचा तर्क होता.

आयुष मंत्रालयाने जुलै 2021 मध्ये यावर हरकत घेतली. वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, मात्रा नोंदलेली नाही, इतर औषधांचा खुलासा नाही, असे आक्षेप होते. टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसण्यात गुळवेलीसारखी वेल चुकून वापरली गेली असावी, अशीही शंका मांडली गेली. पुढे 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि वाद पुन्हा पेटला.

दोन तराजू

मंत्रालयाचे प्रश्न योग्यच होते. वनस्पती कोणती, मात्रा किती, किती काळ घेतली, सोबत काय घेतले, हे विचारल्याशिवाय कोणताही निष्कर्ष टिकत नाही. परंतु क्रिस्पा असू शकेल, ही शंका म्हणजे क्रिस्पाच होती, हा निर्णय नव्हे. आपल्यापैकी अनेकांनी ती शंका ऐकली आणि प्रकरण संपले असे मानले.

हेच प्रश्न आपण अनुकूल वृत्तास विचारतो काय? गुळवेलीच्या काढ्याने घरातील सर्वजण कोरोनातून बरे झाले, असे सांगणाऱ्यास कोणीही वनस्पतीची ओळख वा मात्रा विचारली नाही. कोरोनाचे बहुसंख्य रुग्ण सौम्य लक्षणांनंतर आपोआप बरे होत होते, हेही लक्षात घेतले गेले नाही. नावडत्या पुराव्यास काटेकोर तराजू आणि आवडत्यास सैल, हाच पूर्वग्रह होय.

पूर्वग्रहाचा दुसरा प्रकार अर्धे वाचण्याचा आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांचा गुडघ्याच्या संधिवातावरील अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 440 रुग्ण 24 आठवडे अभ्यासले गेले. शुंठी, गुडूची, आमलकी आदींचे आयुर्वेदीय योग वेदनाशमनात ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीस तोड ठरले. हा पूर्वार्ध अभिमानाने सांगण्याजोगा आहे. उत्तरार्ध असा की, आयुर्वेदीय औषध घेणाऱ्या गटांत काही रुग्णांचे एस.जी.पी.टी. लक्षणांवाचून वाढले, औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले, आणि सुरक्षिततेचा अधिक अभ्यास हवा असे लेखकांनीच लिहिले. हे योग अनेक द्रव्यांचे असल्याने दोष एकट्या गुडूचीवर टाकता येत नाही. तथापि यकृताकडे लक्ष ठेवण्याची सूचना आपल्याच शास्त्राचा गौरव करणाऱ्या या अभ्यासात मुंबईच्या वृत्तापूर्वी आठ वर्षे छापलेली होती.

छेद कोठे आहे?

सहा वा त्रेचाळीस रुग्णांवरून धोक्याचे प्रमाण काढता येत नाही, कारण गुळवेल घेणारे एकूण किती, हा छेद ठाऊक नाही. म्हणून 'गुळवेलीने यकृत निकामी होते' असे सरसकट विधान दिशाभूल करणारे आहे. परंतु 'लाखो लोक घेतात, कोणास काही झाले नाही' हे विधानही तितकेच निराधार आहे, कारण त्या लाखोंचे यकृत कोणी तपासले? यकृततज्ज्ञाकडे बाधित रुग्णच जातात, आणि आमच्याकडे बहुधा गुण आलेलेच परत येतात. दोघांनाही निवडक चित्र दिसते.

'हे आयुर्वेदाविरुद्धचे कारस्थान आहे' असा संदेश भ्रमणध्वनीवर येतो, तेव्हा तो कोण बोलले एवढेच सांगतो, काय मोजले ते सांगत नाही. हितसंबंध अवश्य पाहावेत, पण मग तीच दृष्टी औषधकंपनीच्या गुळगुळीत माहितीपत्रकासही लावावी.

शास्त्राची आज्ञा आणि आपले काम

ही कसोटी परकी नाही. चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. विमानस्थानात सदोष हेतूंचे प्रकारही दिले आहेत. औषधीचे नाव व रूप गुराख्यांसही माहीत असते, योग जाणणारा तोच वैद्य, हेही त्यांचेच सांगणे आहे.

आम्ही अंबडला, औद्योगिक वसाहतीलगत व्यवसाय करतो. येथे पाळीत काम करणारा कामगार कुंपणावरची वेल तोडून काढा करतो आणि 'घरचेच आहे' म्हणून वैद्यास सांगत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णास काढ्याविषयी मुद्दाम विचारावे. वेल आणून पाहावी. कांडावर गाठींसारखे उंचवटे असतील व छेदल्यावर दुधी स्राव येत असेल, तर ती वापरू देऊ नये. यकृतविकार वा स्वप्रतिकारजन्य व्याधीचा इतिहास असल्यास गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ देऊ नये. दीर्घकाळ द्यावयाची असल्यास आधी व मध्ये यकृताची तपासणी करावी. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर औषध तत्काळ थांबवून तपासणी करावी. गुळवेलीची बाजू मांडण्याची ती वेळ नव्हे.

अशा प्रत्येक घटनेची नोंद आयुषच्या औषधदक्षता केंद्राकडे पाठवावी. छेद ठाऊक नाही अशी तक्रार करणाऱ्या आपणच नोंदी न केल्यास तो कधीच ठाऊक होणार नाही. गुडूची निर्दोष असल्यास त्याच नोंदी तिची साक्ष देतील, आणि काही रुग्णांत तिचा अपाय होत असल्यास ते रुग्ण आपणास वेळीच ओळखता येतील.